धाकटी एकटी गेली

त्या दोघी बहिणी नव्हत्या. नात्याच्या नव्हत्या, शेजारच्याही नव्हत्या. रुग्णालयाच्या लाँड्रीत एकाच आठवड्यात कामाला लागल्या, वयात तीन महिन्यांचा फरक निघाला, म्हणून एक थोरली झाली आणि दुसरी धाकटी. थोरलीला ते नाव शोभून दिसलं. धाकटीला कोणी विचारलं नाही. केस पिकले, सून आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली धाकटीच.

लाँड्री तळघरात होती. खिडक्या आतून पाहिलं तर छताला लागून आणि बाहेरून पाहिलं तर जमिनीला टेकलेल्या. त्यामुळे आतल्या बायकांना दिवसभर रस्त्यावरची माणसं दिसत नसत, नुसते बूट दिसत. घाईचे बूट, रेंगाळणारे बूट, कोणाला तरी भेटून बाहेर आल्यावर उगाच एका जागी उभे राहिलेले बूट. आत वाफ, ओल्या सुताचा वास, आणि गरम रोलरमधून सरकत बाहेर येणाऱ्या चादरी. रोलरच्या तोंडाशी डावीकडे थोरली उभी असायची, उजवीकडे धाकटी. चादर बाहेर आली की दोघींनी आपापला कोपरा धरायचा, झटका द्यायचा, घडी घालायची. डाव्या अंगाचे डाग आणि फाटकं थोरलीनं बघायचं, उजव्या अंगाचं धाकटीनं. दुसरीच्या अर्ध्यात डोकवायचं नाही, असा तिथला रिवाज. डोकावलं तर तिच्या नजरेवर भरवसा नाही असा अर्थ व्हायचा, आणि त्यावरून जोड्या मोडल्या होत्या, अबोले धरले गेले होते. या दोघींचं तसं कधी झालं नाही. धाकटीनं इतक्या वर्षांत चादरीची डावी बाजू पाहिलीच नव्हती म्हटलं तरी चालेल.

वाटेचा नाद लागला तोही लाँड्रीतूनच. कुठल्या तरी डॉक्टरच्या कोटाच्या खिशात एक नकाशा राहून गेला आणि कोटाबरोबर धुवून निघाला. थोरलीनं तो रोलरवर वाळवला. नदीच्या उगमापासून डोंगरांच्या कण्यावरून थेट बंदराच्या गावापर्यंत जाणारी पायी चालायची लांबलचक वाट होती ती. बंदराकडचा भाग साबणानं पुसून पांढरा झाला होता. कोट न्यायला माणूस आला, नकाशा नको म्हणून त्यानं हात हलवला. थोरली म्हणाली, आपण जाऊ. धाकटीनं विचारलं, कशाला? थोरलीनं मान वर करून खिडकीकडे बोट दाखवलं. तिथून कोणाचे तरी चिखलाचे बूट चालले होते.

दरवर्षी पानगळीच्या दिवसांत लाँड्रीचा बॉयलर थंड करून साफ करत. तेवढे दिवस सगळ्यांना सुट्टी, हवी असो वा नसो. त्या सुट्टीत दोघींनी वाटेचा एकेक तुकडा चालायला सुरुवात केली. मागच्या वर्षी जिथं थांबलो तिथूनच पुढं पाऊल टाकायचं, मधलं एक वळणही सोडायचं नाही, हा नियम थोरलीचा. मुक्कामाची जागा थोरली ठरवायची, थांबायचं कधी तेही तीच. झाडांच्या बुंध्यांवर वाटेच्या खुणेचे पिवळे पट्टे रंगवलेले असत, तेवढे शोधत दोघी चालायच्या. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, ‘लोकांना चढावं लागू नये म्हणून मी जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, आणि आमची ही सुट्टी काढून डोंगर चढते.’ पण दोघी आहेत म्हटल्यावर त्यालाही घोर नसायचा.

शेवटचा तुकडा उरला होता. कण्यावरून खाली, बंदराच्या गावापर्यंत.

आणि त्या वर्षी थंडी सरता सरता थोरली लाँड्रीच्या ओल्या फरशीवर घसरली. कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड बसलं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. ती काठी घेऊन परत कामावर आली तेव्हा तिला कोपऱ्यातल्या शिवणाच्या टेबलाशी बसवलं, फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे सांधायला. रोलरच्या डावीकडे एक नवी मुलगी आली. तिला सगळ्या नुसतं ‘नवी’ म्हणत.

पानगळ जवळ आली तसं थोरलीनं सांगून टाकलं. दुपारचे डबे उघडले होते. डॉक्टर म्हणाले की डोंगराचं नाव काढायचं नाही, आता नाही आणि पुढंही नाही. मग तिनं सगळ्यांकडे पाहून म्हटलं की संपलं, आमची वाट तिथंच संपली. जोडीनं सुरू केलं, जोडीनं थांबवलं. बायकांनी सुस्कारे सोडले. कोणी डोळ्याला पदर लावला. कोणी म्हणालं, अशी जोडी बघायला मिळत नाही. थोरलीनं मान डोलावली, जणू हे कोणीतरी म्हणणार हे तिला माहीत होतं.

धाकटी घास हातात धरून बसली होती. तिला त्या क्षणी एवढंच कळलं की आपली वाट कोणीतरी आपल्यासमोर उचलून, व्यवस्थित घडी घालून कपाटात ठेवली, आणि आपल्याला एक कोपरासुद्धा धरायला दिला नाही.

 घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा म्हणाला, बरं झालं, आता या सुट्टीत स्वयंपाकघराला रंग देऊ. मुलाचा फोन आला की सुट्टीत इकडेच ये, सूनबाईंनाही तेवढाच आराम. सगळ्यांनी तिच्या रिकाम्या आठवड्यावर पाट मांडले होते. तिनं रंगाचा डबा आणू दिला. रंग फिका हिरवा होता. तो डबा जिन्याखाली ठेवताना तिथली तिची सॅक तिच्या पायाला लागली, आणि तिला एकदम राग आला. कोणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण राग इतका स्वच्छ होता की तिला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती शिवणाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

‘थोरले, मी जाणार आहे.’

‘कुठं?’

‘कुठं काय. वाटेवर. राहिलेला तुकडा चालायला.’

थोरलीनं सुई कापडात तशीच अडकवून ठेवली. ‘मला सोडून?’

याचं उत्तर ‘असं काय म्हणतेस गं’ असं द्यायचं असतं हे धाकटीला ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘हो. तुला सोडून.’

‘माझी वाट होती ती. मी तुला नेलं.’

‘नेलंस. पण पाय माझेच होते.’

थोरलीचा चेहरा रोलरमधून काढल्यासारखा सपाट झाला. ती हळूच म्हणाली की गेलीस तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस. धाकटी म्हणाली, बघू. आणि जाऊन आपल्या जागी उभी राहिली.

लाँड्री थोरलीच्या बाजूनं गेली. जाणारच होती. एकीनं तोंडावर सांगितलं की एवढी वर्षं जिच्या जिवावर चाललीस तिला फरशीवर पडल्यावर टाकतेस. दुसरी म्हणाली, जरा मनाची नाही तर जनाची तरी. धाकटीनं ऐकून घेतलं आणि चादरी झटकताना दोन झटके जास्त दिले. घरी नवरा आधी हसला, मग चिडला, मग विचारात पडला. एकटीच्या जिवाला काही झालं तर? ती म्हणाली, ‘झालं तर झालं. तुमची लिफ्ट काय कधी तुटत नाही?’ हा सरळ त्याच्या धंद्यावर घाला होता. मुलानं फोनवर हट्ट सोड म्हणून विनवलं. तिनं सांगितलं की हा एकच माझा आहे, बाकीचे सगळे तुमचे पुरवून झाले.

बॉयलर विझला त्याच दिवशी ती निघाली.

बस तिला बंद पडलेल्या लाकूडगिरणीपाशी सोडून गेली. मागच्या पानगळीत दोघी इथंच थांबल्या होत्या. गिरणीच्या लोखंडी फाटकाला तिनं हात लावला, नियम म्हणून, आणि चालू लागली. हवा कोरडी, थंड. झाडं निम्मी उघडी झाली होती आणि उरलेली पानं इतक्या किरकोळ कारणानं गळत होती की कारण नसतानाही गळत असावीत. वाट पानांनी भरून गेली होती. पायांखाली नुसता आवाज. दोघींच्या चार पायांचा आवाज तिच्या कानाला ओळखीचा होता. आता तो निम्म्यावर आला, आणि त्या निम्म्या आवाजात तिला पहिल्यांदाच आपली चाल ऐकू आली. तिला वाटत होतं त्यापेक्षा ती भरभर चालत होती. थोरलीबरोबर ती कायम हळू चालली होती, हे तिला आत्ता कळलं.

कण्याच्या खालच्या निवाऱ्यात पहिला मुक्काम झाला. निवारा सांभाळणारी बाई भरल्या अंगाची आणि चौकस होती. तिनं दोघींसाठी खाटा ठेवल्या होत्या. थोरली पुढच्या वर्षीच्या मुक्कामाचा निरोप आधीच धाडून ठेवायची, त्याप्रमाणे.

‘दुसऱ्या बाई मागून येताहेत?’

‘नाही.’

‘अरेरे. म्हणजे एकट्याच?’

‘एकटी. अरेरे नाही.’

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग सांगितलं की कण्यावर वारा वाढलाय, पानांनी वाट झाकलीय, परवा दोघं तरुण चुकून परत आले. खालून गाडीरस्ता जातो, सपाट आहे, बंदराच्या गावातच पोचतो. तुमच्या वयाच्या बऱ्याच बायका तो धरतात, आणि वाट पुरी केली म्हणूनच सांगतात. कोण बघायला बसलंय?

‘मी बसलेय ना,’ धाकटी म्हणाली. दुसऱ्या मोकळ्या खाटेवर तिनं निवांत ओले मोजे वाळत घातले, सॅक उपडी केली, आणि पाय पसरून झोपली.

सकाळी ती कण्यावर चढली. वारा होता, पण बाईनं सांगितला तेवढा नव्हता. डोंगराची पाठ उघडी पडली होती. दोन्ही अंगांना दऱ्या, त्यांच्या तळाशी पिवळा, तपकिरी, गंजलेला रंग साचलेला. वर आभाळ इतकं रिकामं की त्याच्याकडे काही मागावंसं वाटेना. मग वाट खाली झाडीत शिरली आणि पिवळे पट्टे पुन्हा सुरू झाले. एक दिसला, दुसरा दिसला. मग बराच वेळ दिसला नाही. पानांवरून एक खळगा वाटेसारखा खाली जात होता, ती त्यातून उतरत गेली. उतार तीव्र झाला. झुडपं अंगाशी आली. शेवटी एका ओढ्याच्या काठावर ती पोचली, जिथं समोर नुसता कातळ होता आणि वाट असायचं काही कारण नव्हतं.

ती चुकली होती.

ती एका दगडावर बसली. झाडांच्या फटीतून खाली गाडीरस्ता दिसत होता, अगदी जवळ, आणि त्याच्या कडेला बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर. ओढ्याच्या कडेनं उतरलं की पोचलंच. बस बंदराच्या गावाला जाणारी. नवऱ्याला सांगता आलं असतं की पोचले. लाँड्रीत सांगता आलं असतं. वर मात्र, ती जिथून आली तिथं, तासाभराची उभी चढण होती, आणि तिचा डावा गुडघा मघापासून स्वतंत्रपणे बोलत होता.

तिला तेव्हा थोरलीची आठवण आली. थोरली असती तर चुकलो नसतो. हे मनात आलं आणि ती ताठ बसली. का नसतो? थोरली काही देवऋषी नव्हती. मग तिनं ते दोन-तीन पट्टे आठवले, सकाळपासून दिसलेले. सगळे उजव्या हाताच्या झाडांवर होते. मागची सगळी वर्षं आठवली. तिनं शोधलेल्या खुणा कायम उजव्या हाताच्या. डाव्या हाताच्या थोरलीनं शोधायच्या. कोणी ठरवलं नव्हतं, पण थोरली डावीकडून चालायची आणि धाकटी उजवीकडून, आणि रोलरची शिस्त डोंगरावर आली होती. दुसरीच्या अर्ध्यात डोकवायचं नाही. आज सकाळपासून ती एकटी चालली होती आणि निम्मं रान तिनं बघितलंच नव्हतं. कोण जाणे किती पट्टे डावीकडे उभे राहून तिची वाट पाहत होते.

‘मूर्ख,’ ती मोठ्यानं म्हणाली. तिथं ऐकायला कोणी नव्हतं, तरी शब्द बरोबर जागी पडला. मग तिला हसू आलं. कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं की धडधाकट डोळ्यांची बाई अर्ध्या जगाला आंधळी होऊ शकते, आणि तेही सभ्यपणापायी.

ती उठली. बसथांब्याकडे तिनं एकदा नीट पाहिलं, त्याच्याशी आपलं काही भांडण नाही अशा नजरेनं, आणि पाठ फिरवून चढायला लागली. गुडघ्याला तिनं सांगितलं की ओरड, पण चाल. झुडपं धरून, कधी हात टेकून, शिव्या देत ती वर आली. शेवटचा दिसलेला पट्टा सापडला. त्याच्यापाशी उभी राहून तिनं मान डावीकडे वळवली. अवघडलेल्या बिजागरीसारखी मान वळली. थोडंसं पुढं, एका जाड बुंध्यावर, पिवळा पट्टा ढळढळीत होता. आंधळ्यालाही दिसावा असा.

तिथून पुढं ती मुद्दाम डावीकडे बघत चालली. उजवीकडचं आपोआप दिसायचं. डावीकडचं मात्र सगळं नवं. एक पडलेलं झाड, त्याच्या पोटात दुसरं लहान झाड. एक कोरडी विहीर. दरीत दूरवर बंदराच्या पाण्याचा पत्रा चमकला तोही डावीकडेच. तिला वाटलं, आतापर्यंत चाललेल्या सगळ्या वाटेची डावी बाजू परत जाऊन पाहायला हवी. मग वाटलं, नको. ती थोरलीनं पाहिली आहे, ती तिची. ही माझी.

चालता चालता तिनं थोरलीला काय सांगायचं ते घोकायला सुरुवात केली. ‘तुझ्याशिवाय मजा नाही आली.’ सगळे हेच ऐकायला बसले असणार. वाक्य तोंडात धरून ती बराच उतार उतरली. प्रत्येक वळणावर ते जास्त बेचव होत गेलं. कारण मजा आली होती. चुकल्यावर तर जास्तच. तिनं स्वतःच्या आत हात घालून अपराधाची भावना शोधली, कपड्यांच्या खिशात विसरलेल्या वस्तू शोधतात तशी. दमणूक सापडली, भूक सापडली, एक हट्टी आनंद सापडला. अपराध नव्हता.

वाट संपली ती जागा कोणी मुद्दाम निवडली असेल असं वाटेना. बंदराच्या गावात, बस डेपोच्या मागच्या भिंतीला लागून एक दगडी खांब होता. त्याच्यावर शेवटचा पिवळा पट्टा. शेजारी जुने टायर रचलेले. दोन ड्रायव्हर आडोशाला उभे राहून चहा पीत होते. धाकटी खांबाला पाठ टेकून खाली बसली आणि तिनं बूट काढले. पायांतून वाफ निघाली.

एका ड्रायव्हरनं अदबीनं सांगितलं, ‘काकू, गाडी पुढच्या बाजूला लागते. इथं नाही मिळणार.’

‘मला नाही जायचं कुठं,’ ती म्हणाली. ‘मी आलेय.’

त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं खांदे उडवले. मग त्यांनी तिलाही चहा आणून दिला. तिनं तो सावकाश प्यायला, अनवाणी, टायरांच्या सोबतीनं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. खांब गार होता आणि पाठीला चांगला टेकू देत होता.

सुट्टी संपली, बॉयलर पेटला, वाफ पुन्हा छताला लागली. सकाळी कोणी तिला काही विचारलं नाही. नवी तेवढी डोळे मोठे करून बघत होती, पण थोरलीच्या धाकानं तीही गप्प. थोरली आपल्या टेबलाशी मान खाली घालून शिवत होती. दुपारी डबे उघडले. धाकटी आपला डबा घेऊन सरळ शिवणाच्या टेबलापाशी गेली आणि उभी राहिली. बाकीच्यांचं जेवण थांबलं.

थोरलीनं मान न उचलता विचारलं, ‘उतार कसा होता?’

आजूबाजूच्या सगळ्या बायकांना उत्तर माहीत होतं. ते दिलं की सगळं मिटणार होतं, संध्याकाळपर्यंत दोघी गळ्यात गळा घालून रडणार होत्या.

‘छान होता,’ धाकटी म्हणाली. ‘फार छान होता.’

‘असेल.’

‘मी चुकले एकदा. तेव्हा तुझी आठवण आली. बाकी वेळ नाही आली.’

कोणीतरी च्च केलं. थोरलीनं दातानं दोरा तोडला. तिनं नवा दोरा ओवायला घेतला, पण तो सुईच्या नाकात जाईना, आणि धाकटीला ते दिसलं. त्या हातांवर हात ठेवावा असं तिला वाटलं. ठेवला असता तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं, म्हणून तिनं डबा घट्ट धरला.

‘मी तुला माफ करणार नाही,’ थोरली म्हणाली.

‘नको करूस. मी मागायलाही आले नाही. ऐकायचंय का तेवढं सांग.’

 वरून रस्त्यानं कोणाचे तरी जड बूट गेले, मग हलके गेले. मग थोरलीनं चांगल्या पायानं टेबलाखालचं स्टूल बाहेर ढकललं.

धाकटी बसली आणि लाकूडगिरणीच्या फाटकापासून सांगायला लागली. दोघींचा घास तसाच राहिला. थोरलीला बरं वाटावं म्हणून तिनं त्यातली एकही गोष्ट कमी सुंदर केली नाही.